लाल कोट आणि हॉलची चावी

टोकियोच्या एदोगावा भागातल्या आमच्या सोसायटीत बंड कोण करेल, असं कुणी विचारलं असतं तर मी कुमुदिनीताईंचं नाव सगळ्यात शेवटी घेतलं असतं. कचऱ्यात टाकायचा दह्याचा डबासुद्धा धुऊन टाकणारी बाई! तिथल्या विद्यापीठात इंग्लंडचा इतिहास शिकवायचा आणि घरी येऊन कुंड्यांना पाणी घालायचं, एवढं त्यांचं जग. पण त्यांची सगळी हयात रॉबर्ट आस्कच्या अभ्यासात गेलीय, हे आम्ही विसरलो.

हा आस्क म्हणजे पाचशे वर्षांपूर्वीचा एक वकील, एका डोळ्याने अधू. आठव्या हेन्री राजाने मठ बंद करायला घेतले, तेव्हा धर्मासाठी हजारो माणसं त्याच्यामागे उभी राहिली. राजाकडून गोड शब्द आला, आस्कने सगळ्यांना घरी पाठवलं. नाताळात राजाने त्याला बोलावून लाल रेशमी कोट दिला आणि पुढच्या उन्हाळ्यात फासावर चढवलं. "शब्दावर विसंबला, तिथेच मेला," असं ताई दर दिवाळीला फराळ वाढताना सांगायच्या. आम्ही चकली खात माना डोलवायचो.

यंदा ढोलाच्या सरावाबद्दल कुणीतरी तक्रार केली. सोसायटीच्या समितीने उत्सवासाठी हॉलची चावी ताईंच्या हाती दिली आणि सांगितलं, गणपती हॉलमध्येच बसवा, मिरवणूक नको. मी म्हटलं, जाऊ दे, परक्या देशात कशाला वाद? ताई माझ्यावरच भडकल्या. वीस घरं गोळा करून त्या समितीच्या अध्यक्षांसमोर, ओकुबो-सानांसमोर उभ्या राहिल्या; सान म्हणजे आपलं 'राव'. म्हातारा बोलण्यात महाकंजूष. सगळं ऐकून म्हणाला, "अर्धा तास काढा मिरवणूक. हॉलची चावी मात्र आता परत द्या."

"मिरवणूक झाल्यावर देईन," ताई म्हणाल्या. चावी गेली आणि म्हाताऱ्याचा शब्द फिरला, तर मूर्ती बसवायलाही जागा उरली नसती.

दुसऱ्या दिवशी ओकुबो-सानांनी त्यांना चहाला बोलावलं. ताई परतल्या त्या पांढऱ्याफटक होऊन. हातात इथल्या जत्रेत घालतात तसा आखूड कोट. लाल.

"रणजित, तोच कोट रे!" त्या मला म्हणाल्या.

"अहो ताई, हा सुती आहे. आस्कचा रेशमी होता."

त्यांना हसू आलं नाही. "कशाला म्हणून विचारलं, तर म्हणे, लागेल तुम्हाला."

कोट खुंटीलाच राहिला. विसर्जनाला मिरवणूक निघाली, पोरं ढोलावर तुटून पडली. ताई सगळ्यांच्या पुढे, पण नजर चारी दिशांना. वळणावर आलो तर समोर लाल कोट घातलेले आठ म्हातारे रस्ता अडवून उभे. मध्ये ओकुबो-सान. ढोल आपोआप थांबले. ताईंनी पर्समधली चावी घट्ट धरली. मी पोरांना मागे ओढलं.

"कुमुदिनी-सान, कोट कुठाय?" ओकुबो-सान म्हणाले. "पुढे चालणाऱ्याने घालायचा असतो. आमच्या जत्रेत तशीच पद्धत आहे." मग मागे वळून त्यांनी दोन्ही हात वर केले आणि चौकातल्या गाड्या आमच्यासाठी थांबवल्या.

ताई अक्षरशः पळत घरी गेल्या आणि नऊवारीवर तो कोट चढवून आल्या. मला इतकं हसू आलं, आणि डोळेही भरून आले.

मूर्ती विसर्जनाच्या टबात गेली. ताईंनी न मागता चावी काढून ओकुबो-सानांपुढे धरली.

त्यांनी ती घेतली नाही. म्हणाले, "असू दे. पुढच्या वर्षी लागेल."