जेवणानंतरची गोळी

गुडघा दुखतो म्हणून औंधाच्या दवाखान्यात जावं, तर कंपौंडरअण्णा आधी कानाचं विचारायचे. "घुं घुं वाजतंय का?" माणसं हसायची. लढाईत पलटणीच्या इस्पितळात औषधं वाटून आलेला माणूस. हसणाऱ्याकडं बघायचासुद्धा नाही.

आमच्या मंडळीचे सांधे धरले. बोटं हळकुंडासारखी झाली, भाकरी थापताना ती ओठ चावायची. अण्णांनी पांढऱ्या गोळ्या दिल्या. मी त्यातली एक एरंडेलात खलून तिच्या बोटांना चोळली. ते ऐकून अण्णा रागावले नाहीत.

"गोळी पोटात विरघळती, रगतात उतरती. पाटाचं पाणी जसं सगळ्या वाफ्यांत जातं, तशी अंगभर फिरती. जिथं सूज हाय तिथली आग कमी करती. लय झाली की कान वाजत्यात. पोटाला मात्र चावती. जेवणानंतरच दे."

मी आ वासून ऐकलं. एवढीशी गोळी, आणि माणसाच्या आत एवढा प्रवास! आठवड्यात तिची मूठ मिटायला लागली. मी गावभर सांगत सुटलो.

पंधरा दिवसांनी ती परसाकडंला गेली ती तिथंच बसली. डांबरासारखं काळं रक्त पडलेलं. बैलगाडीतून औंधाला नेली. डॉक्टर तिला बघत होते, तेव्हा अण्णांनी मला बाजूला घेतलं.

"जेवणानंतर देत हुतास न्हवं?"

"व्हय. माझं ताट उचललं की लगेच."

"अन् ती कवा जेवती?"

आमच्यात बाया शेवटी जेवायच्या. आई, भाऊ, गडी, सगळ्यांचं उरकेपर्यंत गोळी तिचं रिकामं पोट कुरतडत असायची.

"गोळी तुझ्या पोटात जात न्हाई, गड्या," अण्णा एवढंच म्हणाले.

वाचली ती. महिन्यानं डॉक्टरांनी अर्धी गोळी पुन्हा सुरू केली, त्या दिवशी अण्णा चालत आमच्या घरी आले. पंगतीला बसले आणि ताटाला हात लावीनात. "आवं आई, आधी सूनबाई. औषध हाय त्ये." आईनं तोंड फिरवलं. अण्णा तसेच बसून राहिले. भाकरी गार झाली. शेवटी आमच्या मंडळीनं चुलीपाशी पहिला घास घेतला, तेव्हा त्यांनी दुसरा घेतला. आमच्या घरात असं कुणी केलं नव्हतं.

पुढं गोळी बंद झाली, पण रीत राहिली. तिनं घास घेतल्याबिगर मी जन्मभर ताटाला शिवलो नाही.

अण्णांना जाऊन लई वर्षं झाली. ती या आखाडात गेली. आता गुडघे माझे धरलेत. डॉक्टर नवा आहे, पण सांगतो तेच, गोळी जेवणानंतर. ताट वाढून घेतो, समोर बसतो. आणि तिच्या पहिल्या घासाची वाट बघत राहतो.