रेडिओमावशींचा ठिपका

रेडिओमावशी एकदा बोलायला लागल्या की त्यांचं बंद करायचं बटण कुणाला सापडत नसे. म्हणून तर ते नाव पडलं, आणि मावशींना ते आवडायचंही. भाजीवाल्याकडे त्या पाव किलो वांगी घेत आणि त्याच्या मेव्हण्याच्या मोडलेल्या लग्नाची साद्यंत हकीकत घेऊन घरी येत. अशा बाईला नशिबाने नोकरी दिली ती टांकसाळीच्या पॅकिंगच्या खोलीत, जिथे कामाच्या वेळात शब्द काढायला बंदी! नशीबही कधी कधी चेष्टेच्या मूडमध्ये असतं, दुसरं काय.

बंदी उगाच नव्हती. बाजारात फिरणारी नाणी या खोलीत येतच नसत. इथे यायची ती हौशी लोकांनी जपून ठेवण्यासाठी काढलेली, आरशासारखी लखलखीत. दर वर्षीचा संच प्लास्टिकच्या पाकिटात कायमचा बंद व्हायचा. बोलताना थुंकीचा बारीक कण उडतो, तो डोळ्यांना दिसत नाही. पण नाण्यावर बसून पाकिटात बंद झाला की तो आतल्या आत आपलं काम करत राहतो, आणि वर्ष-दीड वर्षाने तिथे तपकिरी ठिपका उमटतो. तांब्याच्या नाण्यावर तर हमखास. बरं, पाकीट फोडून पुसावं म्हटलं तर तेही नाही. या शौकात झाकली मूठच सव्वा लाखाची. पाकीट फुटलं की नाण्याची पत गेली. म्हणून सगळ्या बायका तोंडाला मास्क, हातात मोजे, नाणं फक्त कडेने धरायचं आणि तोंडाला कुलूप.

पण बायकाच त्या. त्यांनी भुवयांची भाषा काढली. एक भुवई वर गेली की ‘साहेब आले’. दोन्ही वर गेल्या की ‘काय सांगतेस!’ डोळे मिटून मान हलली की ‘माझ्या सासूबद्दल विचारूच नकोस’. मावशी या भाषेतल्या पंडिता होत्या. समोरच्या टेबलावर बसणाऱ्या उंचीला, म्हणजे खोलीतल्या सगळ्यांत उंच बाईला, त्या नुसत्या भुवयांवर अख्खा सिनेमा सांगत. उरलेलं सगळं तुंबून राहायचं ते संध्याकाळी घरी फुटायचं. मावशींचे यजमान बसचे ड्रायव्हर होते. ते म्हणायचे, "टांकसाळवाले दिवसभर धरण अडवतात आणि संध्याकाळी दरवाजे माझ्या अंगावर उघडतात."

मावशींची नोकरीत एकच हौस होती. टांकसाळीच्या मोठ्या दालनात, कोपऱ्यात, एक जुनं, हाताने दांडा ओढून नाणी पाडायचं यंत्र होतं. आता त्यावर काम होत नसे. पण रिवाज असा होता की ज्या पॅकरचं एकही पाकीट गिऱ्हाइकाकडून परत आलं नाही, तिला निवृत्तीच्या दिवशी त्या यंत्राचा दांडा एकदा ओढायला द्यायचा. त्यातून पडेल तो बिल्ला तिचा. सगळी उमर नाणी हाताळली, पण एकही आपण घडवलं नाही, ही रुखरुख मावशींना होती. घरात पाट्यावर चटणी वाटतानासुद्धा त्या वरवंटा दांड्यासारखा धरून बघत. निवृत्तीला महिना उरला होता आणि पाकीट एकही परत आलेलं नव्हतं.

आणि नेमकं तेव्हाच साहेबांचं बोलावणं आलं.

साहेबांच्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ बसले होते. गावातले घड्याळजी. एका डोळ्याला भिंग लावायच्या सवयीने त्यांचा तो डोळा भिंगाशिवायही बारीकच असायचा. समोर टेबलावर गेल्याच्या गेल्या वर्षीचा संच होता, पाकीट बंद. साहेबांनी दिवा जवळ ओढला. तांब्याच्या नाण्यावर, कडेपासून जरा आत, मोहरीएवढा तपकिरी ठिपका होता. मावशींनी पाकीट उलटं केलं. मागे पॅकरचा शिक्का असतो. शिक्का त्यांचाच होता.



"दर वर्षी घेतो मी," घड्याळजी गुरगुरले. "फडताळात ठेवतो, उन्हात नाही, ओलीत नाही. आणि माझ्या नशिबी हे?"

"बदलून देतो ना आम्ही," साहेब म्हणाले. मग मावशींकडे वळून हळूच म्हणाले, "मावशी, त्या वर्षी पाकिटातला पुठ्ठा नवीन होता. त्याचाच दोष असणार. तसं लिहिलं तर तुमच्याकडे बोट जात नाही. तुम्ही काळजी करू नका."

साहेब माणूस भला होता. मावशींनी फक्त मान हलवायची होती, की दांडा त्यांचा. पण मावशी त्या ठिपक्याकडे बघत होत्या, आणि बघता बघता त्यांना तो दिवस आठवला. चेहऱ्यावर हसू फुटायला लागलं, ते आवरेना. आयुष्यभर बोलण्यापायी गोत्यात आलेल्या बाईला ऐन मोक्याला गप्प बसणं जमणार कसं?

"पुठ्ठ्याला कशाला बदनाम करता साहेब," त्या म्हणाल्या. "हा ठिपका माझा आहे."

"मावशी!"

"ऐका तर. लेक दवाखान्यात होती. जेवणाची सुट्टी संपता संपता जावयांचा फोन आला. फोन ठेवते तर घंटा झाली. आत गेले, तर सगळ्या मास्क लावून बसलेल्या. सगळ्यांच्या भुवया वर! काय झालं, काय झालं? आता भुवयांनी काय काय सांगाल? मी हाताने दाखवलं, लहान बाळ. त्या म्हणतात, ते कळलं, पण मुलगा की मुलगी? मी वेणी घालून दाखवली. उंचीला वाटलं, माझं डोकं दुखतंय. ती उठून पाणी आणायला निघाली!"

घड्याळजींचा बारीक डोळा मोठा झाला.

"मग काय करू? समोर ताटलीत नाणी उघडी होती, मला दिसत होती. पण आनंद मावेना हो. खाली केला मास्क आणि म्हटलं, ‘चिमणी!’ एवढंच. चिमणी झाली आम्हाला. बायकांनी तोंडातून आवाज न काढता टाळ्या वाजवल्या, मोजे घालून, त्यामुळे त्याही मुक्याच. मी मास्क वर केला आणि कामाला लागले. नाणी नीट बघितली होती मी, भिंगाखाली धरून. काही दिसलं नाही."

"दिसत नाहीच," घड्याळजी म्हणाले.

साहेबांनी कपाळाला हात लावला. बाईने हसत हसत आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला होता. घड्याळजींनी खिशातून भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि पाकिटावर वाकले. बराच वेळ बघत राहिले.

"म्हणजे हा ‘चिमणी’चा ‘च’ म्हणायचा," ते म्हणाले.

"‘च’ असेल नाहीतर ‘म’," मावशी म्हणाल्या. "मी जरा जोरात म्हटलं होतं."

मग मावशींच्या मनात काय आलं कुणास ठाऊक. त्या एकदम म्हणाल्या, "घड्याळजी, तुम्ही नवीन घ्या आणि हे मला द्या."

घड्याळजींनी पाकीट चट्कन छातीशी धरलं. "अजिबात नाही! फडताळभर पाकिटं आहेत माझ्याकडे. एकाचीही हकीकत मला माहीत नाही. हे एकच आहे. मी काही बदलून घेत नाही, साहेब. माझी तक्रार नाही. निघतो मी."

"अहो, पण ठिपका वाढेल पुढे," साहेब म्हणाले.

"वाढू दे की. पोरगी नाही का वाढत?"

आणि म्हातारा पाकीट घेऊन चालू लागला, जणू मावशी मागून धावत येऊन हिसकावून घेणार होत्या. खरं सांगायचं तर त्यांच्या मनात तसं आलंही होतं.

दार बंद झाल्यावर साहेबांनी टेबलाकडे पाहिलं. टेबल रिकामं होतं. "मावशी," ते म्हणाले, "रिवाज काय आहे? पाकीट परत आलं तर दांडा नाही."

"माहीत आहे साहेब."

"मग कुठे आहे पाकीट? मला तर काही परत आलेलं दिसत नाही."

मावशींना हे समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी साहेबांकडे पाहून दोन्ही भुवया वर केल्या. साहेबांनीही केल्या. इतकी वर्षं त्या खोलीवर देखरेख केलेल्या माणसाला ती भाषा येत होती, हे मावशींना त्या दिवशी कळलं.

निवृत्तीच्या दिवशी मावशींनी दांडा ओढला. यजमान, लेक, जावई आणि कडेवर चिमणी, सगळे बघायला आले होते. त्या दालनात यंत्रांचा असा खडखडाट असतो की कुणाला कुणाचं ऐकू येत नाही, आणि तिथे बोलायला बंदीही नाही. मावशींनी पदर खोचला, दोन्ही हातांनी दांडा खेचला आणि गळा फाडून ओरडल्या. काय ओरडल्या ते कुणालाच ऐकू आलं नाही, पण पॅकिंगच्या बायकांना ओठांवरून कळलं. त्या हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या.

आता चिमणी शाळेत जाते. दर वाढदिवसाला आजी तिला घड्याळजींच्या दुकानात घेऊन जाते. घड्याळजी आधी दुकानातली घड्याळं बाजूला सारतात, मग मऊ फडक्यात गुंडाळलेलं पाकीट काढतात. ठिपका आता मसुराएवढा झाला आहे. चिमणी स्टुलावर चढते, भिंग डोळ्याला लावते आणि पाकिटावर वाकून सुरू होते: शाळेतली बाई, पडलेला दात, शेजारची मांजर, काही म्हणता काही सोडत नाही. यजमान म्हणतात तसं, एका धरणावर भागलं नाही, दुसरं बांधलं.

एकदा बोलता बोलता तिच्या तोंडातून पाकिटावर चांगला शिंतोडा उडाला. पोर घाबरली. तोंडावर हात ठेवून तिने आजीकडे पाहिलं.

मावशींनी पदराने पाकीट पुसलं. "बोल गं बाई," त्या म्हणाल्या. "आतलं माझं बोलून झालंय. बाहेरून तू हवं तेवढं बोल."