गार्नेटची जोड लावणारी जाऊ

माझी थोरली जाऊ गार्नेटची जोड लावायची. म्हणजे कारखान्यात खिडकीपाशी बसून शेकडो लाल खड्यांतून अगदी एका रंगाचे दोन शोधायचे, कानातल्यांसाठी. लाल ते लाल, त्यात शोधायचं काय, असं मलाही वाटायचं. पण एक खडा विटकरीकडे झुकतो, दुसरा जांभळ्याकडे, आणि तसले दोन कानांत घातले की बाईचा चेहराच वाकडा वाटायला लागतो. बावीस वर्षांत जाऊची एक जोड चुकली नाही.

मी मागच्या खोलीत ट्यूबलाइटखाली माळा ओवायचे. तीही तिचीच कृपा. मला कामाला लावताना मालकांना सरळ म्हणाली, "धाकटीला रंग कळत नाही, पण हात झरझर चालतो. ओवायला बसवा." खरं होतं हो. खरं होतं म्हणूनच जास्त झोंबलं. सहा वर्षं मी सुईनं बोटं टोचून घेतली आणि तिच्या नावानं बोटं मोडली.

मग तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काही दिवस रंग जरा वेगळे दिसतील, असं डॉक्टर म्हणाले होते. हे तिनं स्वतःच्या तोंडानं मालकांना सांगितलं, भोळी कुठली.

ती कामावर परतली त्याच आठवड्यात एक बाई पणजीचा हार घेऊन आल्या. दोन खडे गळाले होते. गिऱ्हाईक दिसलं की मालकांची टकळी सुरू होते. या खड्याला डाळिंबाच्या दाण्यावरून नाव पडलं, पूर्वी प्रवासाला निघालेला माणूस सुखरूप परतावा म्हणून तो अंगावर घालायचा, वगैरे. जाऊनं तिकडे लक्षच दिलं नाही. तिनं हार उलटा केला. जुने कारागीर गार्नेट मागून पोखरून पातळ करायचे आणि खाली चांदीचा पत्रा बसवायचे, नाहीतर जाड खडा काळाच दिसतो. तसलेच दोन खडे तिनं जुन्या डब्यांतून हुडकले, हारात ठेवून पाहिले, पुडीत बांधले आणि डोळ्यात थेंब घालायला आत गेली.

मी टेबलापाशी गेले. तिनं नापसंत करून बाजूला सारलेले दोन खडे पुडीत घातले आणि पुडीतले डब्यात टाकले. मला रंग कळत नव्हता, पण तिला कळत होता ना. ती ज्याला नको म्हणाली ते चुकीचंच असणार. म्हणा मला काय म्हणायचं ते.

मालकांनी बाईंसमोर पुडी सोडली. बाईच म्हणाल्या, "अहो, हे तर जांभळट आहेत." जाऊनं वाकून पाहिलं. एक डोळा झाकला, मग दुसरा.

"जांभळेच आहेत," ती म्हणाली. "पण मघाशी जुळत होते." मग माझ्याकडे वळली. "धाकटे, तू इथंच होतीस. कुणी हात लावला का गं?"

"नाही, ताई."

"मग डोळाच गेला," ती म्हणाली. माझा संशय तिच्या मनाला शिवलासुद्धा नाही. मालक म्हणाले, "वहिनी, आता घरी आराम करा." खिडकीपाशी मला बसवलं, एका घरातल्या, थोडंफार शिकली असेलच म्हणून.

पहिल्या दिवशीच घाम फुटला. मला सगळे खडे सारखेच. मग मी ते जेवणाच्या डब्यातून घरी न्यायला लागले. हिरे थोडेच होते, झडती कोण घेणार? सकाळी गॅलरीत उजेड आला की तिच्यापुढे ताट ठेवायचे. "ताई, डोळ्याला व्यायाम." ती जोड्या लावायची आणि विचारायची, "जमलं का गं?" मी म्हणायचे, "आज पाच चुकल्या." कधी सात. मग त्याच जोड्या जशाच्या तशा मालकांपुढे. मालक खूश. आठ महिने मी तिच्या डोळ्यांवर पगार खाल्ला आणि तिलाच आंधळी म्हटलं. तिनं भाजी निवडणं सोडलं. साडी कुठली नेसू, हेही मला विचारायला लागली. मला बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू?

एका सकाळी तिनं ताट मागे सारलं. "पुरे झालं. आता खडे समोर आणू नकोस. रोज स्वतःची फजिती बघवत नाही."

मालकांना दुपारी साठ जोड्या हव्या होत्या. मी गोड बोलले, रुसले, तिचा हात धरून खड्यांवर ठेवला. तिनं तो काढून घेतला. शेवटी माझ्या तोंडून निघालं, "ताई, तुमची एकही चुकली नाही. आठ महिन्यांत एकही नाही. हारातले खडेही मीच बदलले होते."

तिनं माझ्या गालावरून हात फिरवला.

"माझं मन राखायला किती खोटं बोलशील?" ती म्हणाली. "स्वतःवर आळ घेतेस. तुझ्याएवढं कुणी केलं नाही गं माझं."

मी शपथा घातल्या. तिनं पदरानं माझेच डोळे पुसले आणि आत जाऊन पडली. मी ताट डब्यात रिकामं केलं आणि कामावर गेले.