नुसतं इनकमिंग

"हिला बोलायचं काही नसतं हो. आम्ही फोन केला की हिला उचलता आला पाहिजे, बस्स. तसलं स्वस्तातलं काहीतरी द्या."

म्याडम मोबाइलवाल्याला म्हणली. मी तिच्या मागं उभी. क्रांती चौकातलं दुकान, भर दुपार, काउंटरला गिऱ्हाइकं खेटून उभी. दुकानदारानं माझ्याकडं बघितलं बी नाय. त्यानं म्याडमलाच इचारलं, "म्हणजे नुसतं इनकमिंग?"

"हो. नुसतं इनकमिंग."

"मंग लाइफटाइम कार्ड घ्या. बॅलन्स टाकायचीच गरज नाय. नंबर चालू राहतो, तुमचा फोन तिला लागतो, अन् तिचा कुठंच लागत नाय."

बाजूचं गिऱ्हाईक फिदकन् हसलं. म्याडम बी हसली. अन् सगळे हसले म्हणून मी बी हसले. ते हसणं मला आजून सलतं. कार्ड माझ्यासाठी घेत व्हते अन् माझ्या तोंडाची गरज त्या दुकानात कुणालाच नव्हती.

कागद लागतात म्हणला. मी पिशवीतून रेशनकार्ड काढलं. म्याडमनं हात आडवा घातला. "राहू दे गं. तुमच्या कागदांचा काय भरवसा. साहेबांच्या नावावर घेऊ." साहेब म्हणजे तिचा नवरा, बँकेतून रिटायर झालेला. त्याचा फोटो, त्याची सही. फोनचा डबा तेवढा माझा, नवऱ्यानं शहागंजातून जुना आणलेला. आत कार्ड साहेबाचं.

मी तशी पहिल्यापासून संशयी बाई. कुणी फुकट द्यायला लागलं की मी आधी त्याचा दुसरा हात बघते. तव्हा बी मनात आलं, ही बया एवढी माया कामून करायली? पण गप बसले. काम नवीन व्हतं.

बारा-तेराच्या दुष्काळातली गोष्ट. करमाडच्या पल्याड आमचं गाव. विहिरीत गाळ राहिला, मंग गाळ बी वाळला, मंग आम्ही शहरात आलो. तव्हा औरंगाबादच म्हणायचे. नवरा शेंद्र्याच्या कंपनीत ठेकेदाराकडं लागला. बीड बायपासच्या पलीकडं प्लॉटिंग पडत व्हतं, तिथं पत्र्याची खोली घेतली. शहर चहूकडं वाढत व्हतं. फ्लॅट, शोरूम, हॉटेलं. आमच्या वस्तीत तेवढा नळ नव्हता. टँकर यायचा. कधी यायचा ते टँकरवाल्यालाच ठाऊक.

म्याडमचा बंगला बायपासच्या अलीकडं. पायी गेलं तरी जवळच. पहिल्या दिवशी तिनं माझं आडनाव इचारलं. मंग गाव इचारलं. मंग गावात घर कोणत्या बाजूला ते इचारलं. मी सांगितलं. ती जरा थांबली अन् म्हणली, "भांडी मागच्या मोरीत घासत जा. स्वयंपाकघरात यायची गरज पडणार नाही." आवाज लई गोड. असल्या गोड आवाजाची मला तव्हापासून धास्तीच बसली.

कार्ड घेतलं अन् फोन सुरू झाले. सकाळी उजाडलं नाय तोवर, "पाहुणे आलेत, लवकर ये." ऐतवारी दुपारी, "जरा फरशी पुसून जा." माझ्या फोनवर एकच माणूस बोलायचं, ती. मला काही सांगायचं असंल तर? एकदा पोरीला ताप आला. कामाला येत नाय, एवढंच सांगायचं व्हतं. बॅलन्स नाय. पोरीला शेजारी टाकून मी बंगल्यावर चालत गेले, येणार नाय हे सांगायला. म्याडम म्हणली, "अगं, आलीच आहेस तर भांडी तेवढी उरक." उरकली. दुसरं काय करणार व्हते.

आमच्या वस्तीत तसा कुणाच्याच फोनात बोलण्याइतका बॅलन्स नसायचा. पण आम्ही आमची वाट काढली व्हती. एकदा वाजवायचा अन् कट करायचा. घंटी द्यायची, म्हणायचे. घंटी वाजली की टँकर आला, पळ. उचलायचा नाय. उचलला तर पुढच्याचे पैसे जातात. फोन उचलणं म्हणजे आमच्यात दुसऱ्याचं नुकसान करणं व्हतं. कुणी चुकून उचललाच तर शिव्या खायचा.

मला घंटी द्यायची शकीलाभाभी. माझ्या खोलीला लागून तिची खोली. ती घरीच मशीनवर ब्लाउज शिवायची, त्यामुळं टँकर वळणावर आला की तिला आधी दिसायचा. घंटी वाजली की मी म्याडमला सांगून अर्ध्या तासासाठी पळायचे, पाणी भरायचे, परत यायचे, अन् गेलेला वेळ संध्याकाळी थांबून भरून द्यायचे. म्याडमच्या कपाळावर आठी असायची, पण चालत व्हतं.

मंग त्यांच्या गल्लीत घरफोडी झाली. चोर सापडले नाय. सापडले नाय म्हटल्यावर काय, सगळ्या कामवाल्या बाया चोर. माझी पिशवी जाताना बघायला लागले. मी मागं वळले की साहेब दाराच्या जाळीत उभा. मी बी कमी नव्हते, मी बी त्याच्यावर डोळा ठेवला. त्याच्या घरात राबायचं अन् एकमेकाकडं टकमक बघायचं, असं चाललं व्हतं.

एका दिवशी मी त्यांची गाडी धूत व्हते. हातात पाइप. त्यांच्या बोअरला तव्हा बी पाणी व्हतं. माझा फोन खिडकीच्या कट्ट्यावर. एकदा वाजला अन् बंद पडला. साहेब बाहेर आला.

"कोण आहे?"

"टँकर आला साहेब."

"टँकर फोन करतो का?"

मी सांगायला लागले, पण तो ऐकायला उभाच नव्हता. त्यानं न इचारता माझा फोन उचलला, कळा दाबल्या. रोजचा तोच नंबर. एक घंटी, कट. एक घंटी, कट. त्याचा चेहराच फिरला. गेटातून हाक मारून त्यानं शेजारचे दोघं बोलावले. त्यांना दाखवलं. "बघा. रोज इशारा येतो. आणि ही लगेच बाहेर पळते."

"माझा फोन द्या साहेब."

"सिम माझ्या नावावर आहे. मला बघायचा हक्क आहे."

त्यानं माझ्या फोनवरून तो नंबर लावला. फोनमधली बाई म्हणली, बॅलन्स नाय. मंग त्यानं स्वतःच्या फोनवरून लावला, आवाज मोठा केला, अन् चारचौघांत हात पुढं धरला. फोन वाजत राहिला. वाजून वाजून बंद पडला. भाभी कशाला उचलतीय! "उचलत नाही," साहेब म्हणला. "कळलं का?" शेजाऱ्यांनी माना हलवल्या. परत लावला. परत तसंच. मी पाइप धरून उभी. पाणी माझ्या पायावर पडत व्हतं, चपला भिजल्या, मला पाय हलवायचं बी सुचलं नाय. आत कुठंतरी वाटायला लागलं, आता हे पोलिसाला बोलावणार, नवऱ्याला कंपनीतून काढणार, पोरीला शाळेत चोराची म्हणणार.

तिसऱ्यांदा भाभीनं उचलला. अन् अशी तडकली की गल्लीत आवाज.

"अगे किसके फोन से घंटी पे घंटी देरी तू? टँकर आके खडा है! तेरा ड्रम मैं लाइन में लगा दी, जल्दी आ, नई तो वो लोगां पाइप खेंच लेंगे!"

मला वाटलं, संपलं. आता तरी म्हणतील, चुकलं बाई. एवढंच म्हणायचं व्हतं. मी वाट बघितली.

साहेबानं फोन बंद केला. "कोण ही?"

"शेजारीण. शकीलाभाभी."

"शकीला," तो म्हणला. नुसतं नाव. अन् ते दोघं शेजारी एकमेकांकडं बघायला लागले.

मला सगळं उमगलं. टँकर खरा निघाला तरी त्यांचा संशय गेला नाय. तो नुसता माझ्यावरून उठून भाभीवर जाऊन बसला.

साहेब म्हणला, "उद्यापासून या नंबरवर घंटीबिंटी बंद. सिम माझं आहे. उद्या काही झालं तर पोलीस माझ्या दारात येतील." मी रोज जिला सांगून जायचे ती म्याडमच दारातून म्हणली, "अगं, आधी नीट सांगायचं ना. आणि हे बघ, आल्यावर फोन इथं टोपलीत ठेवत जा. जाताना घे."

मला चोर म्हणले, ते मी गिळलं असतं. आधी बी गिळलंय. पण ज्या बाईनं स्वतःचं काम टाकून माझा ड्रम लाइनीत लावला, तिला माझ्यापासून तोडायला निघाले, आपली गाडी माझ्या हातानं धुवून घेत घेत. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

मी नळ बंद केला. साहेबाच्या हातातून माझा फोन घेतला, मागितला नाय, घेतला. मागचं झाकण काढलं. बॅटरी काढली. नखानं कार्ड उचकटलं अन् त्यांच्या ओल्या गाडीवर ठेवलं.

"हे तुमचं कार्ड. डबा माझा हाय."

म्याडम कावरीबावरी झाली. "अगं, मग आम्ही तुला फोन कसा करायचा?"

"नका करू."

"उद्या येणार ना पण?"

"कामाला ईन. बोलावल्यावर नाय येणार."

वस्तीत पोचले तर टँकर गेलेला. माझा ड्रम काठोकाठ भरलेला, वरून भाभीनं फडकं बांधलेलं. मी तिला काय झालं ते सांगितलं. नावाचं बी सांगितलं. ती मशीनवर बसून राहिली, सुईत दोरा ओवत. दोरा ओवून झाला अन् म्हणली, "तू अपना कार्ड ले."

नवरा म्हणला, इथंच नाक्यावर घे, क्रांती चौक कशाला? मी म्हणलं, जिथं मला मुकी केली तिथंच घ्यायचं. रेशनकार्ड, मतदानाचं कार्ड, दोन फोटो घेऊन गेले. तोच दुकानदार. त्यानं ओळखलं नाय, ओळखायचं कारणच नव्हतं.

"इनकमिंगवालं का?"

"नाय. मला बोलायचं हाय. रोज नाय, कधीमधी."

"मंग महिन्याचं पॅक घ्या."

"महिन्यात बोलले नाय तर?"

"तर जातं."

"कुठं जातं?"

तो हसला. मी हसले नाय. या टायमाला नाय हसले. मी इचारत गेले. बॅलन्स टाकला अन् तसाच राहू दिला तर नंबर मरतो का? किती दिवसांनी मरतो? ते गाणं वाजतं ते कुणाच्या पैशानं वाजतं? कारण वस्तीतल्या एकीनं चुकून कळ दाबली व्हती, गाणं लागलं अन् बॅलन्स गायब. "गाणं नको. मी न मागता काही लावलं तर परत ईन," म्हणलं. त्यानं आधी एक पॅक दाखवलं, मंग दुसरं. प्रत्येकाच्या खाली बारीक अक्षर. मी म्हणलं, ते बारीक आधी वाचून दाखवा. मागं लाइन लागली. लागू दे. म्याडमच्या टायमाला कुणाला घाई नव्हती.

"ताई," तो म्हणला, आता ताई झाले व्हते मी, "एवढ्या चौकशा मोठमोठे लोक करत नाहीत."

"त्यांना परवडतं."

शेवटी दिवसांवर नाय, बोलण्यावर पैसे कापणारं घेतलं. बोलले तर जातील, गप बसले तर राहतील. अधूनमधून थोडा बॅलन्स टाकला की नंबर चालू. त्यानं कागद उजेडाला धरून उलटेसुलटे बघितले. मी म्हणलं, "नीट बघा. खरे हायत." सही केली. माझं नाव, माझी सही.

कार्ड चालू झालं तव्हा मी माझ्या दारात उभी व्हते. पहिला फोन भाभीला लावला. तिच्या खोलीत वाजला, मला भिंतीतून ऐकू आला. ती उचलंचना! अन् एकदम हंडा घेऊन बाहेर आली, पदर खोचलेला. "किधर है टँकर?"

"टँकर नाय भाभी! उचल की! मला बोलायचंय!"

"पागल हो गई क्या? पैसे जाते ना!"

"जाऊ दे. माझे हायत."

तिनं हंडा खाली ठेवला. उचलला. आम्ही दोघी आपापल्या दारात, एकमेकीला दिसत, कानाला फोन लावून. "हॅलो," ती म्हणली. "हॅलो," मी म्हणलं. "बोल, क्या बोलना?" अन् मला काही सुचंना. एवढा आटापिटा केला बोलायसाठी अन् मला एक शब्द सुचंना. रडायलाच आलं. भाभी तिकडं फोन धरून गप उभी राहिली. तिनं कट केला नाय.

दुसऱ्या दिवशी बंगल्यावर कमरेला फोन दिसला तशी म्याडम म्हणली, "घेतलंस का नवीन? बरं झालं. नंबर सांग."

"नाय सांगत."

"म्हणजे?"

"माझी कामाची वेळ ठरलेली हाय. त्या वेळात मी समोर असते, हाक मारा."

"आणि आमची काही अडचण आली तर?"

"माझी अडचण आली तव्हा मी चालत यायचे. तुमच्याकडं तर गाडी हाय."

तिचा गोड आवाज तिथंच संपला. "मग आम्हाला दुसरी बाई बघावी लागेल."

"बघा."

काम गेलं. बरेच दिवस ओढाताण झाली, ते खोटं कशाला सांगू. पण दुसऱ्या घरी गेले तव्हा पहिल्या दिवशीच सांगून टाकलं, फोन टोपलीत ठेवणार नाय, अन् घंटी आली की पाण्याला जाणार. दोन घरांनी नाय म्हणलं. तिसऱ्यानं घेतलं.

आता शहराची पाटी बदलली. आता तर नुसतं वाजायला बी महिन्याचे पैसे मागतात, न बोलणाऱ्याचा नंबर बंद करायची धमकी देतात. मी आजून कधीमधीच बोलते. अन् दर वेळी दुकानात तीच चौकशी करते, बारीक अक्षर वाचून घेते, पोरं वैतागतात. वैतागू देत. नंबर तोच हाय, माझ्या नावावरचा. घरी ये, भांडी घास, एवढंच सांगायला तो ज्याला पाह्यजे त्याला मी देत नाय. आधी बघते, हे माणूस माझं ऐकून घेईल का. नसंल घेणार, तर त्याच्या हाकेला माझ्याकडं वाजायला जागा नाय.