रडणाऱ्याची खडीसाखर

सानपाड्यातल्या देवळामागच्या पाळणाघरात मुलं सांभाळणाऱ्या बाई दारातच पाट टाकून बसत. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. पोर रडत आलं की त्या आधी त्याचे हात जोडून देवाला नमस्कार करवत आणि मग त्याच हातावर खडीसाखर ठेवत.

पत्नी गेल्यावर नातीला तिथे सोडायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी ती रडेल म्हणून मी समजुतीची चार चांगली वाक्यं वाटेत पाठ केली होती. ती माझं बोट सोडून आत पळाली. रिकाम्या घरी परतायचं होतं ते मला. भरलेले डोळे लपवायला मी चष्मा पुसायचं नाटक केलं. तेही जमलं नाही.

"आजोबा, हात जोडा," बाई म्हणाल्या.

"अहो, मी काही लहान..."

"देवापुढं समदी बारकीच हायेत. जोडा!"

मी मुकाट्याने हात जोडले आणि खडीसाखर चोखत घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी मी आपणहून हात पुढे केला. बाईंनी माझे डोळे निरखले आणि डबीचं झाकण लावलं. "आज नाय. आज रडलात कुटं?"

वाटभर मी फुरंगटून चाललो होतो. कुलूप उघडताना लक्षात आलं, रिकाम्या घराची आज आठवणच झाली नव्हती.