सुआदबाईंचा खरीप

इथे ऑस्ट्रेलियात, वेरिबीतल्या माझ्या भाजीच्या दुकानात त्या सकाळी मी ट्रॉल्यांच्या दांड्या पुसत होतो. लॉकडाऊन होतं, दारातून एकेक गिऱ्हाईक आत सोडायचं. माझी मुलगी ईशा मास्क खाली ओढून म्हणाली, "बाबा, सुआद आंटी गेली. हॉस्पिटलमध्ये. नोबडी वॉज अलाउड इन." मला आधी दुःख झालं नाही, राग आला. वर्षभर मनात घोळवलेलं भांडण आता कुणाशी भांडायचं? दफनाला दहाच माणसांना परवानगी होती. त्या दहांत मी नव्हतो… आणि कुठल्या तोंडाने असणार होतो?

सुआदबाई इराकच्या, बसऱ्याकडच्या. तिथे त्या शेती खात्यात होत्या. खारावलेल्या जमिनीत काय तगतं ते शोधायला गावोगाव हिंडल्या आणि शिकल्या त्या तिथल्या बायकांकडून. "आमच्या देशावर व्यापारी निर्बंध होते तेव्हा खत नाही, औषध नाही. आमचा जिल्हा जेवला तो बायकांनी उशीत जपलेल्या बियांवर," त्या सांगायच्या. "विकासाच्या अहवालावर सही मात्र साहेबांची." हे सांगताना त्या हसायच्या. मी असतो तर टेबल उलथवलं असतं.

ऑस्ट्रेलियात उतरल्यावर बियांची पुडी त्यांनी विमानतळावर स्वतःहून दाखवली. ती जप्त झाली. इथे त्यांची पदवी चालली नाही, म्हणून भाजी पॅक करायच्या कामाला लागल्या. आणि रविवारी कम्युनिटी सेंटरमागच्या पडीक तुकड्यावर दहा-बारा अरब बायकांना घेऊन नर्सरीतल्या साध्या भेंडीपासून पुन्हा सुरुवात केली. पाण्यात मीठ, माती वरून पांढरी पडलेली. जे झाड तगेल त्याला लाल दोरा बांधायचा आणि फक्त त्याचंच बी धरायचं. सात वर्षं हेच! मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी चिमूटभर माती जिभेवर ठेवली, थुंकली आणि बायकांना म्हणाल्या, "उद्या पाणी नको." टॅक्सी चालवून, पहाटे मार्केटात पेट्या उचलून मी दुकान उभं केलंय, सहजासहजी कुणापुढे वाकत नाही. त्या दिवशी मात्र बूट काढून वाफ्यात उतरलो.

व्यापारी होतोच. ओळखीच्या शेतकऱ्याकडून हीच भेंडी पिकवून घ्यायची, असं माझं चाललेलं. "सगळं बी मला द्या, बायकांना शेड बांधून देतो."

"अर्धं."

"पाऊण!"

"अबू ईशा," ईशाचा बाप म्हणून त्या मला हीच हाक मारायच्या, "तू डेंटिस्टकडेही घासाघीस करतोस का?"

"करतो."

"मग त्याने अर्धाच दात काढला असेल. अर्धं म्हणजे अर्धं. खरीफला ये, घेऊन जा."

खरीफ! मी साताऱ्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, हा शब्द ऐकतच वाढलेला. परक्या देशात बसऱ्याच्या बाईच्या तोंडून तो ऐकला आणि अंगावर काटा आला. हात मिळवून निघालो.

जूनमध्ये गेलो. बोचरी थंडी, वाफे रिकामे. "बी संपलं," त्या म्हणाल्या. "वाटून टाकलं. तू आला नाहीस."

"मग आज कोण आलंय?" मी सगळ्या बायकांसमोर ओरडलो. "शब्द पाळता येत नसेल तर देऊ नये!"

"मी थांबले होते," एवढंच त्या म्हणाल्या. मला ते ढोंग वाटलं. शेड बांधली नाही. बोलणं तुटलं.

पुढच्या वर्षी साथ आली. कामं गेलेल्या स्टुडंट्सच्या, घरात अडकलेल्यांच्या दारात त्या बायकांच्या भाजीच्या पेट्या जाऊ लागल्या. ईशाच गाडीने पोचवायची. मी आयसोलेशनमध्ये असताना माझ्याही दारात पेटी आली, वर कोथिंबिरीची जुडी. कुणी पाठवली ते मला माहीत होतं. फोन उचलून दोन शब्द बोलायचे होते. नाही बोललो.

गेल्या आठवड्यात त्यांची मुलगी जैनब दुकानाच्या दारात आली. हातात काचेची बरणी, तोंडाला लाल दोरा, वर अरबी चिठ्ठी. "तुमचा अर्धा वाटा. मम्माने याही खरीफला तुमची वाट पाहिली."

"याही? मी तर गेल्या खरीपातच आलो होतो. जूनमध्ये."

"जून?" जैनब गोंधळली. "अंकल, अरबीत खरीफ म्हणजे ऑटम. इथे मार्च, एप्रिल."

सौदा करताना समोरच्याचा शब्दन् शब्द मी दोनदा विचारून घेतो. हा एकच विचारला नाही, कारण तो माझाच आहे असं धरून चाललो होतो. त्यांचा ऑटम, सबंध ऑटम, माझ्यासाठी थांबलेला… आणि मी त्यांनाच खोटं ठरवून आलो.

जैनबने चिठ्ठी वाचली. "अबू ईशा. रबीला पेर."

भेंडी, आणि रब्बीला? जिभेवर आलंच होतं. या वेळी गिळलं.

"रबी म्हणजे कधी, बेटा?"

"स्प्रिंग," ती म्हणाली. "आत्ता."

शेडचं लाकूड मागवलंय. बरणी काउंटरवरच आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला ती माझ्या आधी दिसते. दोरा जपून सोडवणार आहे. त्या खाऱ्या मातीत पहिलं झाड तगलं, की त्याला तोच बांधायचाय.