इन्शिराहची लाल नखं

अलेक्झांड्रियाच्या मासळीबाजारात इन्शिराहच्या नखांइतकी बदनाम दुसरी वस्तू नव्हती. विधवा बाई, पन्नाशी ओलांडलेली, आणि बोटांवर लालभडक नेलपॉलिश! तरण्या बायका पाळीमुळे नमाजाची सुट्टी असते त्या दिवसांत नखं रंगवतात, हे बायाबायांत सगळ्यांना ठाऊक. पण या वयात सुट्टी कसली? इन्शिराहने त्यावर तोड काढली होती. वजू करताना, म्हणजे हात-तोंड-पाय धुताना, पाणी नखाला लागायला हवं म्हणून प्रत्येक नमाजाआधी ती पॉलिश पुसायची आणि नमाज पढून झाला की घाईघाईत पुन्हा लावायची. कोणी नाक मुरडलं तर म्हणायची, "दिवसभर माशांची आतडी उपसते. बोटांच्या टोकांवर तरी माझी मर्जी चालू दे."

मग एका सकाळी तिच्या पापण्या सुजल्या. मानेवर पुरळ उठलं. खाज अशी की बोय मासे साफ करता करता ती डोळा खांद्याला घासायची. बोटं मात्र ठणठणीत, त्यामुळे तिला स्वतःलाही नखांचा संशय आला नाही. तिने काजळाची डबी फेकून दिली, धूप जाळून नजर उतरवून घेतली. सूज काही हटेना.

थोरली नणंद तहिया हिला तर आयतं कोलीत मिळालं. ती बाजारभर सांगत सुटली, "माझा भाऊ मातीत गेला आणि ही नखं रंगवत बसली. अल्लाने बरोबर डोळ्यांवर मारलं!" लोकांना तेवढंच हवं होतं. जुनी गिऱ्हाइकंसुद्धा नजर चुकवून पलीकडच्या गाळ्यावर जाऊ लागली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला काय सोसत नाही ते बघायला पाठीवर निरनिराळ्या पदार्थांच्या पट्ट्या चिकटवल्या. पुढच्या खेपेला त्यांतल्या एकीखाली लालबुंद चट्टा निघाला.

"पॉलिश टिकावं म्हणून त्यात एक राळ घालतात, ती तुम्हाला सोसत नाही," बाई म्हणाल्या. "ओलं पॉलिश बोटांना लागतं आणि तीच बोटं तुम्ही डोळ्यांना लावता. पापणीची कातडी पातळ, म्हणून रोग तिथे दिसतो. तुम्ही तर दिवसातून कितीदा लावता!"

"म्हणजे शिक्षा नाही?"

"कसली शिक्षा? ॲलर्जी आहे. बरं वाटेपर्यंत नखं कोरी ठेवा. मग ही राळ नसलेलं आणा, आणि आधी थोडंसं लावून बघा."

नखं कोरी झाली, डोळे निवळले, आणि बाजार एकदम गोड झाला. "तौबा केलीस, बरं झालं गं!" म्हणत बायका परत आल्या. मासे भराभर खपू लागले. तहिया पहिल्यांदाच घरचा गरम भात घेऊन आली. इन्शिराहने तोंड मिटून घेतलं असतं तर जन्माची सोय झाली असती. पण तो भात तिच्या घशाखाली उतरेना. न केलेल्या पापाची माफी तिला मिळाली होती, आणि तिचा नुसता संताप होत होता.

बाईंनी सांगितलेलं पॉलिश तिने थोडं लावून पाहिलं. काही झालं नाही. मग शुक्रवारच्या ऐन गर्दीत तिने हात स्वच्छ धुतले, माशांच्या टोपल्या बाजूला सारल्या आणि सगळ्यांदेखत एकेक नख रंगवलं. पहिल्यापेक्षाही लाल.

"बया! पुन्हा?" तहिया किंचाळली.

"पुन्हा. आणि रोज येऊन माझे डोळे तपासा, वन्सं. मला झाली होती ती ॲलर्जी. अल्लाचं नाव माझ्या बाटलीवर चिकटवू नका."

तहिया खरंच रोज आली. अगदी वाकून वाकून पाहायची. पापणी फुगली नाही, मान लाल झाली नाही. बाकीच्या बायकाही पाहत होत्या. शेवटी एक दिवस नणंद हिरमुसून म्हणाली, "असेल. त्याने तुला माफ केलं असेल."

इन्शिराहने लाल बोटांनी बोयचं पोट चिरलं.

"तो रागावलाच कधी होता, वन्सं? रागावला होतात तुम्ही."